गावच्या घरासाठी स्मार्ट स्पीकर की साधी सिस्टीम? (सेल चालू आहे, लवकर सांगा)

नारळीपोफळी

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. आई-बाबा तिकडेच असतात, मी डोंबिवलीत. सध्या सगळीकडे सेल लागलेत आणि स्मार्ट स्पीकरवर बऱ्यापैकी सूट दिसतेय. गणपतीला जाताना काहीतरी घेऊन जावं म्हणतोय.

घर चिऱ्याचं, कौलारू. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि तिला जोडून पत्र्याची शेड. फायबरचं नेट आलंय, राउटर ओटीवर आहे. इन्व्हर्टर आहे, पण दिवे-पंख्यांपुरता. टीव्ही माजघरात, ४३ इंची.

ऐकणारे असे: बाबांना नाट्यसंगीत, भजनं आणि रत्नागिरी आकाशवाणी. आईला सकाळी स्तोत्रं लागतात, आणि हात पिठात असताना मोबाइलला हात लावावा लागू नये एवढीच तिची मागणी. आम्ही गेलो की टीव्हीवर सिनेमे, मुलांची गाणी.

बजेट दहा हजार, ताणलं तर बारा. डोक्यात ॲमेझॉनचे अलेक्सावाले एको पॉप, एको डॉट आणि गूगलचा नेस्ट मिनी आहेत, नाहीतर सरळ साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी). एका अनोळखी कंपनीचा साउंडबार १४,९९९ चा ३,४९९ ला दिसतोय, त्याचाही मोह होतोय. काय करू?

खाडीकाठ

त्या १४,९९९ कडे बघूच नका. एमआरपी म्हणजे 'याच्या वर विकू नये' असा आकडा, आणि तो कंपनीच छापते. हवा तेवढा मोठा छापायचा आणि मग त्यावर ७५ टक्के सूट दाखवायची, यात स्वस्त काही नाही.

सूट मोजायची तर वस्तू बाजारात आली तेव्हाच्या किमतीशी मोजा. एको पॉप २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा ४,९९९ ला होता, पाचव्या पिढीचा डॉट त्याच वर्षी ५,४९९ ला. आता सेलमध्ये जो भाव दिसतोय तो यातून वजा करा, खरा फायदा कळेल. किमतीचा मागचा आलेख दाखवणारी ॲप्स आहेत, त्यांत लिंक टाकून बघा. बऱ्याचदा 'आजच संपणारा' भाव जानेवारीच्या सेलमध्येही तोच होता असं निघतं.

आणखी दोन गोष्टी. 'झटपट सूट' ठरावीक बँकेच्या कार्डावरच असते, ती गृहीत धरून भाव लिहिलेला असतो. आणि नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावरचा जीएसटी आपणच भरतो, वर बँकेची प्रोसेसिंग फी. चार हजारांच्या वस्तूला हप्ते कशाला, हा प्रश्न वेगळाच.

डिलिव्हरी डोंबिवलीला घेणार असाल तर हेही बघा: बदलून देण्याची मुदत वस्तू हातात पडल्यापासून सुरू होते, गावाला पोचल्यापासून नाही. गणपतीच्या आधी तीन आठवडे मागवून खोका तसाच ठेवलात तर गावात बिघाड कळेपर्यंत मुदत संपलेली असेल. घरीच उघडा, दोन दिवस वाजवा, मग पॅक करा.

वेंगुर्ल्याचो

आमच्याकडे पण झिलान आणून दिल्यान तो डबो. लाईट असा तवसर झकास. लाईट गेली काय मुको. पावसात आमच्याकडची लाईट तुमका म्हायत असा. आये म्हणता, ह्याच्यापेक्षा माजो सेलवरचो रेडियो बरो, वादळात पण बोलता.

नारळीपोफळी

@वेंगुर्ल्याचो, हाहा. बाबांचं पण हेच म्हणणं येणार बहुतेक.

@खाडीकाठ, मुदतीचं लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद.

ध्वनिवेडा

धागाकर्ते, तुमच्या यादीत दोन वेगवेगळ्या गरजा एकत्र झाल्यात. आईंना हवाय तो बोलून काम करणारा मदतनीस. बाबांना आणि तुम्हाला हवाय आवाज. एकाच वस्तूत दोन्ही दहा हजारांत बसवायला गेलात तर दोन्ही अर्धवट मिळतील.

डॉटचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला पडदा) पावणेदोन इंचाच्या आसपास, पॉपचा दोन इंचाला थोडा कमी. एवढ्या पडद्याने हलवायला हवाच किती मिळणार? स्वयंपाकघरात स्तोत्रं, बातम्या, रेडिओ यांना भरपूर. पण माजघरात बसून नाट्यसंगीत ऐकायचं, तर तबल्याचा डग्गा आणि ऑर्गनचे खालचे सूर त्यातून येणारच नाहीत. बाबांच्या कानाला ते लगेच कळेल, बोलणार नाहीत कदाचित.

साउंडबारबद्दल. खोक्यावर वॉट किती लिहिलेत याला फार भुलू नका. आरएमएस (सलग देता येणारी ताकद) लिहिलं असेल तर निदान वाचण्यालायक, पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर खोका खाली ठेवा. आणि वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. ४० वॉट आणि ८० वॉटच्या बारमध्ये तेवढाच फरक, बाकी सगळं सारखं असेल तर.

आता कोकणातल्या घरासाठी खास: ॲटमॉसवाला (वरूनही आवाज आल्याचा भास देणारा) बार अजिबात घेऊ नका. त्यातले वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून तुमच्या डोक्यावर आणतात. त्यासाठी सपाट, कडक, फार उंच नसलेलं छत लागतं. तुमच्याकडे उतरती कौलं आहेत. आवाज वाशांमध्ये जाईल आणि फटींतून आंब्याच्या झाडावर. त्या सोयीचे जास्तीचे पैसे कशाला भरायचे?

साधा २.१ बार (डावा-उजवा स्पीकर आणि वेगळा सबवूफर) घेतलात तर टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारं भोक) आहे का ते आधी बघा. असेल तर एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो, म्हाताऱ्या माणसांना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. ब्लूटूथवर टीव्ही जोडू नका, ओठ आणि आवाज मागेपुढे होतात.

टाळमृदंग

मध्येच विचारतो, आमच्या भजनी मंडळासाठी चाकांचा ट्रॉली स्पीकर बघतोय, दोन माईक लागतील. सेलमध्ये बरेच आहेत. डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) चालेल असा?

खाडीकाठ

@टाळमृदंग, यासाठी वेगळा धागा काढा बुवा, इथे आईच्या स्तोत्रांचं चाललंय. एवढंच सांगतो, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सणाच्या काही दिवसांना मुभा मिळते, पण ती सरकार जाहीर करतं तेवढीच. ट्रॉलीवर लिहिलेले वॉट बघून बारी जिंकता येत नाही.

कातळावरचा

सगळे आवाजाचं बोलतायत, मी विजेचं बोलतो. गावात इलेक्ट्रिकचीच कामं करतो.

आपल्याकडे मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा सगळ्यात आधी जातात ती ॲडॉप्टरवरची यंत्रं: राउटर, सेट टॉप बॉक्स, आणि आता हे स्पीकर. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, त्यामुळे जुन्या तांब्याच्या फोन लाइनचा धोका आता राहिला नाही. पण प्लगमधून येते ती येतेच. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी लोक हौसेने आणतात. ती जादा दाब अर्थिंगकडे वळवते. अर्थिंगच नसेल तर वळवणार कुठे? कातळावरच्या घरात खड्डा नीट खोल जात नाही, कोळसा-मीठ घालून वर्षं झालेली असतात, उन्हाळ्यात सगळं कोरडं पडतं. आधी अर्थिंग तपासून घ्या, स्पीकरपेक्षा तो खर्च जास्त उपयोगाचा. आणि गडगडायला लागलं की प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

लाईट जाण्याबद्दल. स्पीकर इन्व्हर्टरवर घेतलात तरी राउटर आणि फायबरचा डबाही घ्यावा लागेल, नाहीतर नेटशिवाय तो फक्त दिवा लावून बसतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, ते उत्तम. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर म्युझिक सिस्टीम लावू नका, घूंऽऽ असा आवाज येत राहतो. साइन वेव्हवाला असेल तर प्रश्न नाही.

खारं वारं हा तिसरा शत्रू. पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात. वस्तू सहा महिने बंद पडून राहिली तर लवकर जाते, रोज चालू असलेली टिकते, कारण आतून जरा गरम राहते. तीच ऊब पालींना पण आवडते, म्हणून मागची भोकं असलेला ॲम्प्लिफायर भिंतीला चिकटवून ठेवू नका. आयपी६७ लिहिलेला ब्लूटूथ स्पीकर बघून लोक किनाऱ्यावर नेतात. ती चाचणी गोड्या पाण्यातली, एक मीटर खोल, अर्धा तास. समुद्राच्या पाण्यात पडला तर लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

नारळीपोफळी

@कातळावरचा, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. निसर्ग वादळाच्या वेळी, २०२० च्या जूनमध्ये, आमच्याकडे बरेच दिवस लाईट नव्हती, तेव्हा बाबांचा रेडिओच चालू होता हे आठवलं.

वेंगुर्ल्याचो

बगा, आये म्हणता ता खोटा नाय.

सुगरण_चिपळूण

मी वापरणाऱ्या बाजूने सांगते. आमच्या स्वयंपाकघरात डॉट आहे, सासूबाई आणि मी दोघी वापरतो.

पहिली गोष्ट भाषा. अलेक्साला इंग्रजी आणि हिंदी कळतं, दोन्ही मिसळलेलंही कळतं. मराठीत संवाद करता येत नाही. गूगलचं मोबाइलवर मराठीत चालतं, पण त्यांच्या स्पीकरवर हिंदी-इंग्रजीच. मराठी गाण्याचं नाव मात्र दोन्हीकडे बऱ्यापैकी ओळखतात. सासूबाई म्हणतात, 'अलेक्सा, रामरक्षा लगाओ'. लागते! हळूहळू त्यांचं हिंदी त्या डब्यापुरतं तयार झालंय. जे रोज लागतं त्याची रूटीन करून ठेवा: सकाळी ठरावीक वेळेला आपोआप स्तोत्रं, रात्री गोळ्यांची आठवण. मग बोलायचीही गरज नाही. लावलेला गजर नेट गेलं तरी वाजतो, हा एक दिलासा.

दुसरी गोष्ट, भिंती. चिऱ्याची भिंत जाड असते. ओटीवरचा राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोचतो का ते आधी मोबाइल हातात घेऊन, दारं बंद करून बघा. ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्याच भिंतीला दम तोडतं, २.४ वर जोडा. आम्ही राउटर माजघराच्या दाराच्या वर हलवला आणि कटकट मिटली.

तिसरी, पाऊस. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. जुलैच्या सरीत पत्र्यावरचा आवाज एवढा असतो की त्याला आपली हाक ऐकूच जात नाही. आपण ओरडतो, तो गप्प.

आणि ज्याने मला जिंकलं ते म्हणजे ड्रॉप इन. मुंबईतल्या नणंदबाई ॲपवरून थेट स्वयंपाकघरात बोलतात, सासूबाईंना फोन उचलायला धावावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे किती मोठं आहे ते विचारू नका. फक्त परवानगी कोणाकोणाला द्यायची ते नीट ठरवा, नाहीतर कोणीही केव्हाही टपकेल.

शंकासुर

म्हणजे स्वयंपाकघरात चोवीस तास कान लावून बसलेला माईक आपणच पैसे देऊन आणायचा. आणि वर कौतुक.

सुगरण_चिपळूण

@शंकासुर, शेजारच्या काकूंपेक्षा कमीच ऐकतो हो! गंमत सोडा. माईक बंद करायचं बटण आहे, दाबलं की लाल दिवा लागतो. हाक मारल्यानंतरचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं हे खरं आहे, ॲपमध्ये ते दिसतं आणि पुसताही येतं. ज्याला नको त्याने घेऊ नये, पण खिशातल्या मोबाइललाही माईकच असतो.

शंकासुर

मोबाइलचं दुखणं आहे म्हणून दुसरं घ्यायचं? असो. ज्यांचं घर त्यांचा निर्णय. पण आई-बाबांना हे सगळं समजावून सांगा, न विचारता लावून देऊ नका, एवढंच.

नारळीपोफळी

@शंकासुर, पटलं. विचारतो दोघांना.

@सुगरण_चिपळूण ताई, ड्रॉप इन माहीतच नव्हतं. आईकडे तेच सगळ्यात जास्त वापरलं जाईल असं वाटतंय.

रत्नागिरी आकाशवाणीचं काय? स्पीकरवर लागेल का?

खाडीकाठ

प्रसारभारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आकाशवाणीची बरीच केंद्रं लाइव्ह असतात. तिथे लावून ब्लूटूथने स्पीकरवर देता येतं. पण बाबांचा रेडिओ काढून घेऊ नका. रत्नागिरी केंद्र मिडियम वेव्हवर लागतं, त्याला ना नेट लागतं ना वीज. फक्त तो रेडिओ एलईडी बल्ब आणि या सगळ्या ॲडॉप्टरांपासून लांब ठेवा. मिडियम वेव्हवर त्यांचीच खरखर येते आणि लोक म्हणतात स्टेशन नीट लागत नाही.

नेटवर गाणी ऐकण्याचा डेटा विचाराल तर ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी. फायबरला काहीच नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर दिवसभर भजनं लावली तर मात्र रोजचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपेल.

पोफळीचं_पान

सारेगामाचा कारवां नाही का कोणी सुचवला? मराठी गाण्यांचा वेगळा मिळतो, गाणी आतच भरलेली, बॅटरीवर चालतो, एफएम आहे, बटण फिरवलं की सुरू. आमच्या अण्णांना नव्वदीत तेवढंच जमतं.

ध्वनिवेडा

@पोफळीचं_पान, ज्यांना ॲप नको त्यांच्यासाठी खरंच चांगलं. फक्त त्यात जे भरलंय तेच ऐकायचं, त्यामुळे बाबांचा आवडता गायक त्या कंपनीच्या संग्रहात आहे का हे आधी बघा. यूएसबी लावता येतं, तिथून आपला साठा वाजवता येतो.

नारळीपोफळी

एक सांगायचं राहिलं. माळ्यावर बाबांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी बॉक्स आहेत. कॅसेट डेक कधीच गेला, पण ॲम्प्लिफायर बंद पडला म्हणून ठेवलेला नाही, जागा नाही म्हणून ठेवलाय. त्याचं काही होईल का?

ध्वनिवेडा

अहो, हे शेवटी काय सांगताय! पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. साउंडबारचे पैसे वाचले तुमचे.

मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना आहेत ना? 'ऑक्स' लिहिलेल्या जोडीत काहीही देता येतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या डॉटला ३.५ एमएमचं भोक होतं, वायर लावली की झालं. पाचव्या पिढीत ते काढून टाकलं, पॉपलाही नाही. म्हणून दोन मार्ग: जुन्या पिढीचा डॉट खात्रीच्या ठिकाणी मिळाला तर तो, नाहीतर नवा डॉट आणि ॲम्प्लिफायरला काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर. 'अलेक्सा' म्हणून लावलेलं नाट्यसंगीत थेट बाबांच्या बॉक्समधून. ब्लूटूथने जोडल्यावर डॉटचं मल्टि-रूम (अनेक खोल्यांत एकच गाणं) चालत नाही, पण तुम्हाला ते लागणार नाही.

टीव्हीसाठी हेडफोनच्या भोकातून आरसीए वायर, नाहीतर टीव्हीच्या ऑप्टिकल भोकाला लावायचा छोटा डॅक (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल असा करून देणारी डबी). साउंडबारपेक्षा त्या लाकडी बॉक्सचा आवाज मोकळा येईल. दोन बॉक्समध्ये सहा-सात फुटांचं अंतर ठेवा, तोंड बसायच्या जागेकडे. एकच पट्टी टीव्हीखाली ठेवून डावं-उजवं एवढं सुटं होत नाही.

कातळावरचा

थांबा, माळ्यावरून काढून सरळ प्लगला लावू नका! वर्षानुवर्षं पडलेला ॲम्प्लिफायर आधी सिरीज लॅम्पवर लावायचा. ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब झटकन पेटून मंद झाला तर ठीक, लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. स्वतः करू नका, कोणा जाणत्याकडून करून घ्या. उघडल्यावर आधी उंदराचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी बघायच्या. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खर्रखर्र करेल, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जातं.

ध्वनिवेडा

आणि बॉक्सची जाळी काढून स्पीकरच्या पडद्याच्या कडेची पट्टी बघा. रबर असेल तर टिकलं असेल. फोम असेल तर दमट हवेत त्याचा भुगा झाला असेल, बोट लावलं की गळतो. घाबरू नका, कडा नव्या बसवून मिळतात. मागच्या शिक्क्यावर ४ ओहम आहे की ८ ते लिहा.

नारळीपोफळी

आत्ताच बाबांना फोन केला. आवाजातच दहा वर्षं कमी झाली त्यांची. शिडी लावायला निघाले होते, आईने थांबवलं. शेजारचा मुलगा वर चढला. बॉक्सवर ८ ओहम, कडा फोमच्या, एका बॉक्सचा भुगा झालाय, दुसरा बरा. ॲम्प्लिफायरच्या मागे आरसीएच्या चार जोड्या आहेत, उंदीर नाहीत, मुंग्या आहेत.

आईला माईकबद्दल सांगितलं. ती म्हणाली, दुपारी झोपताना बटण दाबेन. आणि तुझी मावशी टपकता कामा नये, तिला परवानगी देऊ नकोस.

तर ठरलं असं: आईला स्वयंपाकघरात पाचव्या पिढीचा डॉट, ॲम्प्लिफायरला ब्लूटूथ रिसीव्हर, राउटरला मिनी यूपीएस. उरलेल्यात फोम आणि अर्थिंग. साउंडबार रद्द. ऑर्डर आज टाकतो, डोंबिवलीला येताच उघडून वाजवतो.

@कातळावरचा दादा, तुम्ही गुहागरकडे येता का?

कातळावरचा

येतो, पण गणपतीच्या आधी सगळ्यांनाच पाहिजे असतो मी. निरोप केलाय, बघा. दोन्ही बॉक्सचे फोम एकदमच बदला, एकच बदललात तर एक बाजू वेगळी वाजेल. आणि मुंग्या काढायला फवारा मारू नका, ब्रश आणि ब्लोअर.

वेंगुर्ल्याचो

आणि रेडियोचे सेल घेवक विसरा नको.